खेड्यातल्या घरी हौशी रेडिओची छोटी अँटेना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, अमरावती, गडचिरोली अशा जिल्ह्यांतल्या गावांतून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक विद्यार्थी, शिक्षक आणि शेती सांभाळून छंद जोपासणारे आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवतो. मोकळी जागा आणि शांत बँड (फ्रिक्वेन्सींचा पट्टा) या दोन गोष्टी शहरातल्या हॅमला, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून बोलणाऱ्याला, पैसे मोजूनही मिळत नाहीत, आणि त्या तुमच्या दारात आहेत. तयार अँटेनावर खर्च करण्याआधी साधी तार नीट मोजून, योग्य जागी बांधून पाहा.

१. अँटेना बांधायच्या आधी परवाना लागतो का?

बटण दाबून बोलायचं असेल तर परवाना हवाच. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा त्यासाठी परीक्षा घेते. वयाची किमान अट १२ वर्षं आहे, म्हणजे शाळेतली मुलंही बसू शकतात. श्रेणी दोन: रिस्ट्रिक्टेडला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स यावं लागतं. आकाशवाणी किंवा शॉर्टवेव्हवरची परदेशी केंद्रं ऐकायला मात्र परवाना लागत नाही. परीक्षेची वाट पाहत असाल तर तोवर तार बांधून ती ऐका. तीच तार पुढे कामाला येते.

२. पहिली अँटेना कोणती बांधू?

७ मेगाहर्ट्झची, म्हणजे ४० मीटर तरंगलांबीच्या बँडची, उलट्या व्ही आकाराची डायपोल. मध्ये एक बांबू, त्याच्या शेंड्यावरून दोन बाजूंना उतरणाऱ्या दोन तारा, आणि मधून खाली येणारी कोॲक्स केबल (मध्ये तार, भोवती जाळी अशी). एवढंच.

ही सुचवण्यामागे कारण आहे. ४० मीटर बँडवर बांबू ६-७ मीटरचाच असला, तर अँटेनाची बहुतेक शक्ती सरळ वर जाते आणि आयनमंडलावरून परतून चहूबाजूंनी काही शे किलोमीटरच्या परिसरात उतरते. नागपूरपासून सरळ रेषेत हैदराबाद सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, पुणे सहाशेच्या थोडं पुढे, मुंबई सातशेच्या जवळपास. दिवसा हे सगळं या बँडच्या टप्प्यात येतं. कमी उंची हा इथे दोष नाही, जवळच्या संपर्काला ती उपयोगीच पडते. परदेश गाठायचा असेल तर १४ मेगाहर्ट्झची डायपोल जास्त चांगली, आणि तिला जागाही निम्मीच लागते.

३. तारेची लांबी कशी काढायची?

१४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा. पूर्ण डायपोलची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी साधारण २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १०.०५. १४.२ साठी १०.१ मीटर, २१.२ साठी ६.७५, २८.५ साठी ५ मीटर.

हा आकडा सुरुवातीपुरता धरा. तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असेल, जवळ भिंत किंवा झाड असेल, जमीन जवळ असेल तर खरी लांबी थोडी कमी भरते. म्हणून दोन-तीन टक्के जास्त तार घ्या, वर चढवा, ती कुठल्या फ्रिक्वेन्सीवर जुळते (म्हणजे एसडब्ल्यूआर हा जुळणीचा आकडा कुठे सर्वांत कमी, १ च्या जवळ येतो) ते मोजा आणि मग कापा. किती कापायचं त्याचा हिशोब सोपा आहे: आताची लांबी गुणिले आताची फ्रिक्वेन्सी, भागिले हवी ती फ्रिक्वेन्सी. समजा २०.६ मीटर तार ६.८५ वर जुळते आहे आणि तुम्हाला ७.१ हवं आहे. २०.६ × ६.८५ ÷ ७.१ = १९.८८. म्हणजे एकूण ७२ सेंटिमीटर, दर बाजूला ३६ कमी करायचे. एकदम कापू नका. टोक उलटं दुमडून तारेवरच गुंडाळा, पुन्हा मोजा. कापलेली तार परत जोडण्यापेक्षा दुमडलेली सोडवणं बरं.

४. आमचं आवार लहान आहे. किती जागा लागेल?

बांबू ७ मीटर आणि टोकं जमिनीपासून ३ मीटरवर धरली, तर ७ मेगाहर्ट्झच्या अँटेनाला एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत साडेअठरा मीटर, म्हणजे साधारण साठ फूट लागतात. तेवढं सरळ नसेल तर टोकांकडचे दीड-दोन मीटर खाली लोंबू द्या किंवा आडवे वळवा. अँटेनाचं मुख्य काम मधल्या भागात होतं, टोकं वळवल्याने फार बिघडत नाही. दोन तारांमधला शेंड्याजवळचा कोन मात्र ९० अंशांपेक्षा कमी करू नका.

टोकं कधीही माणसाच्या, मुलांच्या किंवा गुरांच्या टप्प्यात ठेवू नयेत. प्रसारण चालू असताना सर्वांत जास्त व्होल्टेज टोकांवरच असतं.

५. सामान तालुक्याच्या ठिकाणी मिळेल का?

जवळपास सगळं मिळतं. घरच्या वायरिंगची १ चौरस मिलिमीटरची वायर ९० मीटरच्या बंडलात येते, त्यात दोन-तीन अँटेना होतात. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची वाइंडिंग तार किलोवर मिळते. सबमर्सिबलची आवरणवाली तार घेतली तर पावसापाण्यातही टिकते. टोकांना आणि मध्ये इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा, दोन्ही बाजूंना भोकं पाडून. दोरी नायलॉनची घ्या, सुतळी पहिल्या पावसातच सडते. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात पांढरा पीव्हीसी दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतो, म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी एकदा खाली उतरवून तपासा.

कोॲक्स आणि कनेक्टर मात्र नागपूर, अकोल्यासारख्या शहरातून किंवा ऑनलाइन आणावे लागतील.

६. कोॲक्स कोणती घ्यावी? डिशची केबल चालेल का?

७ किंवा १४ मेगाहर्ट्झला २० मीटरपर्यंत आरजी-५८ पुरेशी आहे. ७ मेगाहर्ट्झला तेवढ्या लांबीत साधारण पाऊण डेसिबल जातं, ते कुणाला कळतही नाही. पण तीच केबल १४५ मेगाहर्ट्झला लावली तर सुमारे ४ डेसिबल, म्हणजे निम्म्याहून जास्त शक्ती वाटेतच संपते. व्हीएचएफसाठी, म्हणजे १४५ सारख्या वरच्या फ्रिक्वेन्सींसाठी, आरजी-२१३ घ्या किंवा केबल अगदी आखूड ठेवा.

डिशची आरजी-६ ही ७५ ओहमची आहे. डायपोलला ती चांगली जुळते आणि ५० ओहमच्या रिगलाही (रेडिओ संचालाही) एसडब्ल्यूआर दीडच्या आसपास राहतो. तिची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिला सोल्डरचा डाग बसत नाही. एफ कनेक्टर पिळून लावा आणि अडॅप्टर वापरा. गावात डिशवाल्याकडे उरलेले तुकडे पडून असतात. ऐकण्यासाठी आणि कमी शक्तीच्या प्रसारणासाठी मी ती बेलाशक वापरा असं सांगेन.

७. बांबू वाऱ्याने मोडतो, उधई लागते, वानरं तार तोडतात. काय करावं?

बांबूचा जमिनीत जाणारा भाग डांबरात बुडवून घ्या, किंवा त्याहून बरं, जमिनीत लोखंडी पाइपाचा मीटरभर तुकडा गाडून बांबू त्याला बांधा, म्हणजे तो मातीला लागतच नाही. दोन बांबू जोडताना किमान एक मीटर एकमेकांवर चढवून तीन ठिकाणी आवळा. ताण नायलॉन दोरीचे द्या, तीन बाजूंना.

तार झाडाला बांधत असाल तर घट्ट बांधू नका. वैशाखातल्या वावटळीत कडुनिंब हलतो आणि तार तुटते. दोरी फांदीवरून टाकून टोकाला वीट लटकवा. झाड हललं की वीट वरखाली होईल, तारेवर ताण येणार नाही.

वानरांचा पूर्ण बंदोबस्त होत नाही. कळप छपरावरून झाडावर उडी घेतो ती वाट ओळखा आणि तार तिच्या आड येऊ देऊ नका. शिवाय टोकाच्या दोरीत एक तुकडा मुद्दाम कच्च्या दोरीचा ठेवा. वानर लोंबकळलं की तो तुकडा तुटेल, तांबं वाचेल. दोरी बदलायला पाच मिनिटं लागतात.

८. आमच्या घरावर टिनं आहेत. त्यावर अँटेना चालते का?

व्हीएचएफला टिनं उलट उपयोगी पडतात. पाव तरंगलांबीची उभी काडी, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झला ४९ सेंटिमीटर, टिनाच्या मध्यावर उभी केली की टिन तिची जमीन बनतं. एचएफ (७, १४ सारख्या खालच्या फ्रिक्वेन्सींची) डायपोल मात्र टिनापासून किमान दोन-तीन मीटर वर असू द्या, अगदी जवळ असेल तर लांबी जुळत नाही. टिनाखाली, घरात, कुठलीही अँटेना बांधून उपयोग नाही. कवेलूच्या घरात आढ्याला तार चालते, फक्त ओल्या कवेलूंनी मोजमाप थोडं सरकतं (प्रश्न १९ पाहा).

९. बालून नसेल तर चालत नाही का?

चालतं. पण बालून, म्हणजे डायपोल आणि केबल यांच्यामधला जोड, नसला की केबलच्या बाहेरच्या जाळीवर रेडिओचा प्रवाह परत येतो. मग माइकला ओठ लागला की चुणचुण होते, घरातला गोंगाट रिसीव्हरमध्ये शिरतो आणि शेजारच्यांचा टीव्ही कुरकुरतो. उपाय फुकटातला आहे. चार इंची पीव्हीसी पाइपावर, अँटेनाच्या अगदी जवळ, त्याच कोॲक्सचे १२ वेढे एकाशेजारी एक घाला. साधारण सव्वाचार मीटर केबल लागते, ती आधीच धरून खरेदी करा.

१०. घराजवळून ११ केव्हीची लाइन जाते. किती लांब राहावं?

बांबू कुठल्याही दिशेला पडला, तार कुठूनही तुटली, तरी लाइनला किंवा घराच्या सर्व्हिस वायरला लागता कामा नये. मी बांबूच्या उंचीच्या किमान दीडपट अंतर ठेवायला सांगतो. अँटेना लाइनच्या वरून किंवा खालून कधीही ओलांडायची नाही, दोरी टाकतानासुद्धा. वावरातली थ्री-फेजची लाइन अनेक ठिकाणी झोळ पडून खाली आलेली असते, तिलाही हाच नियम. भारनियमनाच्या वेळी लाइन बंद आहे असं समजून काम करू नका, वीज केव्हाही येते. तार लाइनवर पडलीच तर हात लावू नका, लोकांना दूर करा आणि वीज कंपनीला कळवा.

इथे सूट नाही. जागा मिळत नसेल तर अँटेना बांधू नका.

११. वीज पडण्याचं काय? अँटेनामुळे घरावर वीज ओढली जाते का?

सहा-सात मीटर उंचीची तार आजूबाजूच्या कडुनिंबापेक्षा किंवा पाण्याच्या टाकीपेक्षा वेगळी ठरत नाही. पण थेट तारेवर वीज पडली तर कुठलंही उपकरण वाचत नाही. आणि जवळपास पडली तरी तारेत विजेचा इतका दाब निर्माण होतो की रिसीव्हर जळतो. विदर्भात मे-जूनचे आणि परतीच्या पावसाचे दिवस सर्वांत धोक्याचे.

कोॲक्स घरात शिरते तिथे, बाहेरच्या बाजूला, कनेक्टर ठेवा. वापर संपला की तिथून केबल काढायची आणि बाहेरच सोडायची, ही सवय बारा महिने पाळा. काढलेलं टोक काचेच्या बाटलीत घालून टेबलाखाली ठेवण्याने संरक्षण मिळत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं दामिनी ॲप आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजांचा इशारा देतं, ते फोनमध्ये ठेवा. गडगडाट कानावर पडू लागल्यावर मात्र केबल काढायलासुद्धा हात लावू नका.

१२. अर्थिंग बोअरच्या केसिंगला जोडलं तर?

नको. लोखंडी केसिंगचा जमिनीशी संपर्क चांगला असतो हे खरं, पण मोटारीची गळती तिथेच येते. मोटारीच्या केबलमध्ये बिघाड झाला तर तो प्रवाह तुमच्या कोॲक्सवरून घरातल्या रिगच्या पत्र्यावर येईल. कोॲक्स घरात शिरते तिथे स्वतंत्र रॉड ठोका आणि जाड तारेने घराच्या अर्थिंगशी जोडा, म्हणजे दोन्हींचा दाब एक राहील. काळ्या मातीत रॉड उत्तम काम करतो. उन्हाळ्यात भेगा पडल्या की संपर्क सुटतो, तेव्हा आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घाला.

१३. सेकंदाला एकदा ‘टक टक’ असा आवाज येतो. अँटेना खराब आहे का?

अँटेना ठीक आहे. रानडुक्कर आणि रोह्यांसाठी वावराभोवती लावलेली झटका मशीन तो आवाज करते. तिचा ठोका साधारण सेकंद-सव्वा सेकंदाला पडतो. मशीन चांगली असेल आणि तार स्वच्छ असेल तर आवाज फारसा येत नाही. गवत तारेला टेकलं, गाठ सैल झाली, इन्सुलेटर फुटलं की तिथे ठिणगी उडते आणि ती मैलभर ऐकू येते. शेतमालकाला हे सांगा. ठिणगी उडते तिथे त्याच्या कुंपणाचा झटकाही कमी होत असतो, त्यामुळे दुरुस्ती त्याच्याही फायद्याची आहे. अँटेनाची दोरी झटक्याच्या खांबाला कधीही बांधू नका.

बाकीचे आवाज ओळखायचे असे. फक्त उन्हात येणारी एकसारखी शीळ बहुधा सोलर पंपाच्या कंट्रोलरची. दिवे लागणीनंतर सुरू होणारी खरखर स्वस्त एलईडी बल्बची. घरातला दोषी शोधायला रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा आणि मेन स्विच बंद करा. आवाज गेला तर तो तुमच्याच घरातला. एकेक सर्किट चालू करत जा. आवाज राहिला तर मिडियम वेव्हचा खिशातला ट्रान्झिस्टर हातात घेऊन गल्लीत फिरा.

फीडर बंद असतो तेव्हा गावाचा बँड जितका शांत होतो तितका शहरात कधीच होत नाही. भारनियमनाच्या वेळेला बॅटरीवर ऐका. क्षीण स्टेशनं तेव्हाच सापडतात.

१४. हँडीसाठी (हातात धरायच्या व्हीएचएफ संचासाठी) घरी काय बनवता येईल?

पाव तरंगलांबीची ग्राउंड प्लेन. कोॲक्सच्या एका पॅनेल सॉकेटच्या मधल्या पिनला ४९ सेंटिमीटरची उभी काडी आणि चार भोकांना ५१ सेंटिमीटरच्या चार काड्या, ४५ अंश खाली वाकवून. वेल्डिंगच्या दुकानातला पितळी ब्रेझिंग रॉड त्याला उत्तम, डागही बसतो. हीच अँटेना ४३५ मेगाहर्ट्झलाही चालते, कारण ते १४५ च्या तिप्पट आहे. फक्त तिथे तिची शक्ती थोडी वरच्या कोनात जाते.

१५. या ग्राउंड प्लेनने किती लांब बोलता येईल?

व्हीएचएफला जवळपास दृष्टीच्या रेषेत. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा. दोन्हीकडे ९ मीटर असेल तर सुमारे २५ किलोमीटर. एकाच्या हातात हँडी असेल तर १७. वऱ्हाडाच्या सपाटीवर हा हिशोब बऱ्यापैकी खरा ठरतो. गाविलगडच्या डोंगरावर, पायथ्यापेक्षा ७०० मीटर उंच उभं राहिलात तर क्षितिज १०९ किलोमीटरवर जातं. म्हणून व्हीएचएफमध्ये पैसे वॅटवर न घालता उंचीवर घाला.

१६. दिवसा नागपूर स्पष्ट येतं, रात्री दिल्ली येते पण नागपूर गायब. असं का?

सूर्य मावळला की आयनमंडल विरळ होतं. सरळ वर गेलेल्या ७ मेगाहर्ट्झच्या लहरी मग परत येत नाहीत, तिरक्या गेलेल्याच परततात आणि दूर उतरतात. मधला पट्टा मुका राहतो. अँटेना बदलून हे सुधारत नाही. जवळचे संपर्क सकाळी नऊ ते दुपारी चारच्या दरम्यान करा. तुमच्या परवान्यात ३.५ मेगाहर्ट्झ असेल तर रात्री तिथे जा. त्याची डायपोल जवळपास ४० मीटर लागते. शहरात ती स्वप्नच राहते, तुमच्याकडे वावर आहे.

१७. एसडब्ल्यूआर १.१ आहे, तरी कुणी उत्तर देत नाही.

एसडब्ल्यूआर फक्त रिग आणि केबल जुळतात का एवढं सांगतो. अँटेना लहरी फेकते की नाही ते त्यातून कळत नाही. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायच्या, शक्ती नुसती जिरवणाऱ्या रोधाचा) एसडब्ल्यूआरही १.० असतो. केबलमध्ये पाणी शिरलं असेल किंवा ती फार लांब असेल, तर परतणारी शक्ती वाटेतच जिरते आणि मीटर छान आकडा दाखवतो. म्हणून शक्यतो अँटेनाच्या पायथ्याशी नॅनोव्हीएनए (अँटेनाची जुळणी मोजणारं छोटं यंत्र) लावून मोजा. सगळ्या बँडवर एसडब्ल्यूआर सारखाच चांगला दिसत असेल तर संशय घ्या: साधी डायपोल तशी वागत नाही. उलट, १.८ दिसतो म्हणून हिरमुसू नका. २ ला सुद्धा फक्त ११ टक्के शक्ती परतते.

१८. एकाच तारेवर सगळे बँड नाहीत का होणार?

काही होतात. ७ ची डायपोल २१ वर बऱ्यापैकी चालते, मेळ थोडा वर सरकतो, रिगचा ट्यूनर (जुळणी करून देणारा भाग) तो सांभाळतो. १४ वर मात्र तीच तार मध्यावर हजारो ओहम दाखवते, कोॲक्सने तिला शक्ती पुरवता येत नाही. दोन मार्ग आहेत. एक, ४९:१ ट्रान्सफॉर्मर लावून २० मीटरची तार टोकाकडून चालवणं: ७, १४, २१, २८ चारही मिळतात आणि घरापासून एका झाडापर्यंत तार गेली की काम झालं. दुसरा, त्याच मध्यबिंदूला १४ ची वेगळी जोडी बांधणं, खालच्या बाजूने वीतभर अंतर ठेवून. मला दुसरा आवडतो: ट्रान्सफॉर्मरचा फेराइट (चुंबकीय गाभा) शोधत बसावं लागत नाही आणि बिघडायला काही नसतं.

छोट्या लूप (गोल कड्याच्या) अँटेनाविषयीही विचारणा होते. मीटरभर व्यासाची लूप १४ ते २८ वर चालते, पण फार अरुंद पट्ट्यावर जुळते आणि जुळणीच्या कपॅसिटरवर १०० वॅटला काही हजार व्होल्ट चढतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यासाठी ती ठीक. आवार असेल तर तारच बांधा.

१९. पावसाळ्यात मोजमाप बदलतं, पुन्हा कापू का?

कापू नका. ओलं आवरण, भिजलेला बांबू आणि पाणी धरलेली काळी माती यांनी जुळणी थोडी खाली सरकते, दिवाळीपर्यंत परत जागेवर येते. जुळणी कोरड्या दिवसात करा आणि बँडच्या मधोमध ठेवा, म्हणजे दोन्ही ऋतूंत निभावतं. मात्र पाऊस थांबून तीन-चार कोरडे दिवस गेले आणि तरी आकडा परत आला नाही, तर कोॲक्सच्या वरच्या टोकात पाणी गेलं आहे. जाळी काळी पडलेली दिसेल तिथपर्यंत केबल छाटा, कनेक्टर नव्याने लावा, वरून सायकल ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी ओघळून कनेक्टरकडे न जाता झोळावरून ठिबकेल.